इंजिन बांधायचं की गाडी बदलायची? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या जुन्या गाडीवाल्यांसाठी

बारा-चौदा वर्षांची गाडी, दीड-दोन लाख किलोमीटर पळालेली. मिस्त्री बॉनेट उघडतो, ऑइलचं झाकण काढून बघतो आणि म्हणतो, "इंजिन कामाला आलंय मालक. सत्तर-ऐंशी धरून चला." घरी एक जण म्हणतो बांधून घ्या, दुसरा म्हणतो देऊन टाका, आणि मेहुण्याला नेमकी त्याच आठवड्यात कोल्हापुरात एक 'सिंगल ओनर' गाडी दिसलेली असते.

हा लेख त्या आठवड्यासाठी. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या भागात इंजिन बांधून, म्हणजे उघडून झिजलेले पार्ट बदलून, मिळतं, आणि चांगलं मिळतं. बेळगावच्या उद्यमबागेत बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम करणारे लेथवाले आहेत. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर हाकेच्या अंतरावर. पण आतून सडलेला पत्रा कुणी परत करून देत नाही. त्यामुळे इंजिनापेक्षा इंजिनाभोवतीची गाडी कशी आहे, हे आधी बघायचं. बहुतेक लोक इंजिनाचा आकडा ऐकतात आणि तिथंच निर्णय घेऊन मोकळे होतात.

खाली जे लिहिलंय ते घरगुती वापराच्या कारसाठी. छोटा हत्ती, पिकअप, टॅक्सी यांचं फिटनेस आणि परमिटचं गणित वेगळं, ते इथं आणत नाही.

१. आधी गाडी उभी करा

ऑइलचा लाल दिवा लागला की इंजिन तिथल्या तिथं बंद करायचं. "गॅरेजपर्यंत जाऊ" म्हणायचं नाही. ऑइलचा दाब नसताना चार-पाच किलोमीटर गाडी पळवली तर बेअरिंग क्रँकला धरतात, आणि दोन-तीन हजारांत सुटणारं काम पूर्ण इंजिनावर जातं.

गाडी हिट होत असेल तरी हेच. चोर्ला किंवा वंटमुरीचा चढ चढताना काटा वर गेला तर एसी बंद करून बाजूला थांबा, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, आणि गरम इंजिनावर थंड पाणी तर अजिबात ओतू नका. ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. टोइंगचे पैसे वाचवायला हिट झालेली गाडी घरापर्यंत आणली की गॅस्केटच्या कामात हेडही येतं.

पावसात पाण्यात घालून बंद पडलेली गाडी परत स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि साध्या विम्यात हे नुकसान बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. झिजून गेलेलं इंजिन तर कुठल्याच मोटार विम्यात बसत नाही, तेव्हा त्या आशेवर थांबू नका.

२. रोगाचं नाव काढून घ्या

"इंजिन गेलं" हे निदान नव्हे. काय गेलं, ते विचारा. गॅरेजला जायच्या आधी सकाळी थंड इंजिनावर तुम्हीही बरंच ओळखू शकता.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी स्टार्ट करताना भसकन येऊन थांबला तर बहुतेक वाल्व सील गेलेत, हे तुलनेनं हलकं काम. चढावर ॲक्सिलेटर दाबल्यावर सतत येत असेल तर रिंगा-पिस्टन. टर्बो डिझेलमध्ये टर्बोचं सीलही हेच करतं, म्हणून रिंगांवर ठपका ठेवण्याआधी टर्बोचा पाइप काढून आत ऑइल साचलंय का ते बघायला लावा.

काळा धूर आणि पिकअप नाही, ही डिझेलवाल्यांची नेहमीची तक्रार. यात निम्म्या वेळा इंजिनाचा दोषच नसतो. चोंदलेला एअर फिल्टर, फाटलेला टर्बोचा होज, काजळी धरलेला ईजीआर वाल्व (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), थकलेले इंजेक्टर, यांतलं काही निघतं. इंजेक्टर काढून पंपवाल्याकडे टेस्टिंगला पाठवा आणि रिटर्न, म्हणजे इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल, किती येतं ते लिहून मागा.

गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर, वर पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केट किंवा हेडला चीर. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी ऑइलमध्ये उतरलंय. इथं एक खबरदारी: जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात रोज दोन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीच्या ऑइल झाकणाला आतून दुधाळ थर धरतो. ती नुसती दमट हवा. झाकण बघून घाबरवणाऱ्याला डिपस्टिक दाखवायला सांगा.

आवाजाचं म्हणाल तर वरून टिकटिक येत असेल तर टॅपेट. टायमिंग साइडनं, सुरू करताना साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर चेन किंवा टेन्शनर. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो यांच्या १.३ डिझेल इंजिनात हा आवाज दुर्लक्षून चालत नाही, चेन उडी मारली की वाल्व पिस्टनला भिडतात. तळातून येणारा आणि ॲक्सिलेटरबरोबर वाढणारा जड ठक-ठक म्हणजे बिगएंड बेअरिंग, कनेक्टिंग रॉड क्रँकला धरतो तिथलं. तो ऐकल्यावर गाडी ढकलत न्या, चालवत नको.

मग कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन उतरवायची परवानगी देण्याआधी ही झालीच पाहिजे, आणि तुमच्या डोळ्यांदेखत. इंजिन गरम हवं. पेट्रोल गाडीचे सगळे प्लग काढायचे, इग्निशन आणि पेट्रोलचा सप्लाय बंद ठेवायचा, एका सिलिंडरला गेज लावायचा, एकानं आत बसून ॲक्सिलेटर पूर्ण दाबून पाच-सहा झटके स्टार्टर मारायचा. काटा टप्प्याटप्प्यानं वर चढतो आणि थांबतो, तो आकडा लिहून घ्यायचा. असं प्रत्येक सिलिंडरला. बहुतेक पेट्रोल इंजिनांना १५० ते १९० पीएसआयच्या आसपास येतं, नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी यांत पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. चारही सारखेच थोडे कमी असतील तर इंजिन म्हातारं झालंय, पण गेलेलं नाही.

तीन सिलिंडरला १६५, १६०, १६८ आणि एखाद्यात ९० आलं, तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत टेस्ट घ्यायला सांगा. आकडा उडी मारून वर गेला तर रिंगा गेल्यात, खालचं काम आहे. जागचा हलला नाही तर वाल्व किंवा गॅस्केट, म्हणजे नुसतं हेड उतरवून भागेल. या दोन कामांच्या खर्चात दुपटी-तिपटीचा फरक पडतो, आणि तो एका चमच्यावर ठरतो. डिझेलला ऑइल टाकायचा हा प्रकार करू नका. तिथं गेज वेगळा लागतो आणि आकडेही ३५० च्या पुढचे असतात.

"उतरवल्याशिवाय काय सांगता येत नाही बघा," असं म्हणत मिस्त्री पान्याला हात घालायला लागला तर गाडी उचलून दुसरीकडे न्या. एकदा इंजिन खाली आलं की तुमची बोलायची ताकद संपते.

ऑइल खाण्याबद्दलही घाई नको. सपाट जागेवर डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, हजार किलोमीटर चालवा, किती घालावं लागलं ते मोजा. हजाराला पाव लिटरच्या आत असेल तर मी तरी काही करणार नाही, डिकीत एक डबा ठेवीन. हजाराला लिटर लागत असेल तर काम काढायची वेळ आली.

३. गाडी खालून बघा

सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर गाडी चढवून खाली उभे राहा. खानापूर तालुक्यातला पाऊस, लाल चिखल, आणि कामानिमित्त गोव्याला जाऊन-येऊन असेल तर खारी हवा, तिन्ही पत्रा खातात. जाकी लावायची जागा, दरवाजांखालची पट्टी, मागच्या सस्पेन्शनच्या बैठका, डिकीत स्टेपनीखालचा खळगा आणि पायाखालचं कार्पेट उचलून फ्लोअर बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक. भद्द आवाज आला किंवा पापुद्रा सुटला तर त्या जागेवर अंडरकोटिंग फासून फक्त झाकलेलं आहे.

बाहेरच्या पत्र्याला, फेंडरला गंज असेल तर ते पत्र्याचं काम, वेल्डिंग करून घेता येतं. सस्पेन्शन जिथं बॉडीला धरतं ती जागा कुजली असेल तर पुढचे टप्पे वाचायची गरज नाही. थेट आठव्यावर जा.

४. अंदाज लिहून घ्या, आणि त्यात काय नाही ते विचारा

तोंडी आकडा तीन प्रकारच्या कामांना दिला जातो. हेडचं काम: गॅस्केट, वाल्व, सील, सीट कटिंग, हेड फेस मारणं. हाफ इंजिन: ब्लॉक, पिस्टन, रिंगा, बेअरिंग. फुल इंजिन: दोन्ही, शिवाय ऑइल पंप, चेन किंवा बेल्टचा किट. कुठल्या कामाचा आकडा आहे ते आधी स्पष्ट करा.

अंदाजात नेहमी गळणाऱ्या गोष्टी: वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्लच प्लेट (इंजिन खाली असताना बदलली तर मजुरी वाचते), इंजिन माउंटिंग, रेडिएटर साफ करणं, कूलंट, दोन वेळचं ऑइल-फिल्टर. आणि जुन्या गाडीत रबरी होज. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक पेट्रोल गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत, तेव्हा इंधनाचे होज आणि सील या कामातच बदलून टाका.

लेथवर काम गेलं की स्वतः जा. अर्धा दिवस मोडेल, मोडू द्या. चांगला कारागीर क्रँकचं जर्नल (बेअरिंग बसतं तो गोल भाग) मायक्रोमीटरनं दोन दिशांनी मोजतो, एकदा उभं, एकदा आडवं, आणि आकडे खडूनं लिहून ठेवतो. दोन आकड्यांत फरक म्हणजे जर्नल अंडाकृती झालंय, ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग टाकावे लागणार. न मोजताच "पॉलिश करून नवीन बेअरिंग टाकू" म्हणणारा थोड्याच दिवसांत तुम्हाला परत भेटणार. हेडवर सरळपट्टी ठेवून खालून फीलर गेज घालायला सांगा. छोट्या इंजिनांत साधारण ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक चालत नाही.

एक अडचण नव्या धाटणीच्या इंजिनांची. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायची सोय काहींत कंपनीनंच ठेवलेली नाही, तिथं हाफ इंजिन असेंब्लीच मागवावी लागते आणि खर्च चढतो. आपल्या मॉडेलला ओव्हरसाइज पिस्टन मिळतो का, हे स्पेअरच्या दुकानात विचारून मगच हो म्हणा.

पार्टचं म्हणाल तर मारुतीनं २०२० मध्ये डिझेल बंद केलं, पण ते १.३ इंजिन इतक्या गाड्यांत होतं की माल अजून मिळतो. शेवरलेनं २०१७ अखेर इथली विक्री थांबवली, फोर्डनं २०२१ मध्ये कारखाना बंद करायचं जाहीर केलं. या गाड्यांचे इंजिनाचे पार्ट शोधून मिळतील, पण एखाद्या सेन्सरसाठी गाडी महिना-महिना उभी राहू शकते. रोजची कामाची गाडी असेल तर हा मुद्दा जड धरा.

५. आता हिशेब

"खर्च गाडीच्या निम्म्या किमतीवर गेला की बदला" हा नियम सगळ्यांच्या तोंडी असतो. चौदा वर्षांच्या गाडीला तो लावू नका, किंमतच इतकी उतरलेली असते की कुठलंही मोठं काम निम्म्याच्या आसपास जातं.

मी असं मांडतो. समजा तुमचं मॉडेल चालू स्थितीत १,८०,००० ला जातं आणि आहे तसं बिघडलेलं ७०,००० ला. इंजिनाचा अंदाज ७५,०००, त्यात वीस टक्के वाढीव धरून ९०,०००. गाडी ठेवली तर तुमचे ७०,००० अधिक ९०,०००, म्हणजे १,६०,००० गुंतले. आता बाजारात १,६०,००० ला जी गाडी येईल ती तुमच्याच वयाची असेल, तिचं इंजिन कसं आहे ते तुम्हाला माहीत नसेल, शिवाय ट्रान्सफर आणि विमा वर. मग बांधून घेतलेलं बरं.

पण त्याच गाडीला टायर, एसीचा कॉम्प्रेसर, सस्पेन्शन आणि पत्र्याचं काम धरून आणखी ६०,००० लागत असतील तर बेरीज २,२०,००० वर जाते. तेवढ्यात चार-पाच वर्षांनी तरुण गाडी मिळते. तेव्हा बदला. इंजिनाच्या आकड्यानं नाही, बाकीच्या साठ हजारांनी निकाल लावला.

नवीनचा विचार असेल तर: २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, हा फायदा खरा आहे. पण कर्नाटकात रोड टॅक्स जड. ५ ते १० लाखांच्या गाडीला १४ टक्के, १० ते २० लाखांच्या गाडीला १७ टक्के, वर उपकर. सहा लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १२,६०० येतो. ९०,००० चं इंजिन म्हणजे असे सात हप्ते. बांधलेली गाडी दोन वर्षं नीट चालली तरी ती स्वस्तात पडली.

६. कागद बघितल्याशिवाय निर्णय नको

आरसीवर रजिस्ट्रेशनची मुदत बघा. खासगी गाडीला १५ वर्षं, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळतं. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली. वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. ग्रीन टॅक्स वेगळा. अर्ज मुदतीच्या आधी ६० दिवसांत करायचा, उशीर झाला तर महिन्याला ५०० जादा. मुदत सहा महिन्यांवर आली असेल तर हे सगळं पाचव्या टप्प्यातल्या बेरजेत घाला.

"पंधरा वर्षं झाली की स्क्रॅपच करावी लागते" किंवा "दहा वर्षांवरचं डिझेल बंद झालंय" असं सांगून भाव पाडणारे एजंट भेटतील. तो डिझेलचा नियम दिल्ली आणि आसपासचा. बेळगावला लागू नाही.

जवळ ठेवायचे कागद:

- मूळ आरसी, विमा, पीयूसी
- नूतनीकरणासाठी फॉर्म २५
- कर्ज फिटलं असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ (फिटलं म्हणून आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही)
- विकायची असेल तर फॉर्म २९ आणि ३०, राज्याबाहेर जात असेल तर फॉर्म २८
- थकलेले ई-चलन भरल्याच्या पावत्या
- एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेटची पावती

७. बांधायचं ठरलं तर

कामाची यादी, पार्टची कंपनी, मजुरी, मुदत आणि वॉरंटी एका कागदावर सहीनिशी. ॲडव्हान्स पार्टपुरताच. जुने पिस्टन, रिंगा, बेअरिंग परत मागणार हे आधीच सांगा, नंतर मागितले तर भंगारात गेलेले असतात.

"सेकंड हँड इंजिन टाकू, निम्म्यात होईल" हा सल्ला मोह पाडणारा. ते इंजिन कुठल्या गाडीचं, बिल आहे का? इंजिन नंबर बदलला की आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. नोंद नसलेलं इंजिन विम्याच्या क्लेमला, विक्रीला, नूतनीकरणाला, सगळीकडे आडवं येतं. बिल नसेल तर नकोच.

बांधल्यावर पहिले हजार किलोमीटर जोर लावू नका. एकाच स्पीडला हायवेला ताणू नका, माणसं भरून घाट नको, तासन्‌तास आयडलवरही नको. हजाराला ऑइल आणि फिल्टर बदला, हेडचे बोल्ट परत टाइट करायचे असतात का ते मिस्त्रीला विचारा. या काळात पाणी आणि ऑइल रोज सकाळी बघायचं.

८. बदलायचं ठरलं तर

बिघडलेली गाडी विकण्यासाठी तिला वरवर ठीक करू नका. जाड ऑइल आणि ॲडिटिव्ह घालून धूर दाबलेली गाडी गॅरेजवाला दोन मिनिटांत ओळखतो आणि भाव आणखी पाडतो. कॉम्प्रेशनचे आकडे लिहिलेला कागद दाखवून "इंजिन कामाला आलंय, बॉडी बघा" म्हटलं तर उलट बरा भाव येतो. घेणारा बहुतेक स्वतःच मिस्त्री असतो.

खरंच मोडीतच घालायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या आणि सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी मोडीत दिल्याचा दाखला, घ्या. त्यावर नवीन गाडीची नोंदणी फी माफ होते, आणि केंद्राच्या नियमात खासगी गाडीला रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. साध्या भंगारवाल्याला दिली तर यातलं काही नाही, वर आरसी तुमच्या नावावर जिवंत राहते.

दुसरी जुनी गाडी घेताना सीमाभागातली खास अडचण एमएच नंबरची. मेहुण्यानं बघितलेली एमएच-०९ गाडी चाळीस हजारांनी स्वस्त दिसते. ती बारा महिन्यांपेक्षा जास्त इकडे ठेवायची तर केए-२२ किंवा केए-२३ नंबर घ्यावा लागतो. कोल्हापूरच्या आरटीओची एनओसी, नव्या नंबरसाठी फॉर्म २७, आणि गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकचा टॅक्स. आधी इथं भरायचा, मग तिकडच्या परताव्यामागं लागायचं. पाव्हण्याच्या पत्त्यावर तशीच चालवतो म्हणणारे बरेच आहेत, पण अपघात झाला की पहिला प्रश्न पत्त्याचाच येतो. टॅक्सचा आकडा काढून चाळीस हजारांतून वजा करा, मग बघा स्वस्त राहते का. दिल्लीहून आलेल्या डिझेल गाड्यांनाही हेच गणित.

विकल्यावर नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची विम्यातली सवलत) गाडीबरोबर देऊ नका. तो तुमचा आहे. विमा कंपनीकडून पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो.

गाडी हातची जाताना तारीख आणि वेळ घातलेली डिलिव्हरी नोट, घेणाऱ्याचं ओळखपत्र आणि फॉर्म २९ ची पोच ठेवा. नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हेच सांगितलंय. आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर नवा मालक कोगनोळीचा टोल तुमच्या खात्यातून भरत राहील.